आमदारांकडची पीएगिरी सोडून मानवी हक्कांच्या कामात: कुणी गेलंय का?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका आमदारांचा स्वीय सहायक आहे, बरीच वर्षं झाली. मतदारसंघ ऊसतोडीचा. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात आणि आमच्याकडे फोन यायला लागतात ते सांगली-कोल्हापूरच्या फडांवरून. मुकादमाने उचलीपोटी, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशापोटी, माणूस अडकवून ठेवलाय, कुणी गाडीखाली सापडलं, कुठे बाळंतीण अडलीय. एरवीचं काम तुम्हाला ठाऊक आहेच: शिफारसपत्रं, बदल्या, दवाखान्यात खाट, कुणाच्या लग्नाला साहेब जाणार आणि कुणाच्या नाही. पण अधिवेशन लागलं की माझ्या आवडीचं काम सुरू होतं. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं), लक्षवेधी (तातडीच्या विषयावरची सूचना), कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून विषय मांडायचा), सगळं मी लिहितो. साहेब वाचतात, एखादा शब्द इकडचा तिकडे करतात आणि सही करतात.

आता मुद्द्याचं. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत उत्तर आलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. तिने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. आमच्या भागात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं नाही. घरोघर माहीत होती. सभागृहात प्रश्न गेला तेव्हा ती सरकारी कागदावर आली, एवढंच. तो प्रश्न आमच्या साहेबांचा नव्हता, पण मी ते उत्तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पुढच्या अधिवेशनात मात्र सगळे पीकविम्यावर होते, मीसुद्धा. विषय बदलला तरी त्या बायका तिथेच होत्या आणि दर आठवड्याला त्यांच्यातली कुणी ना कुणी काहीतरी दाखला मागायला माझ्यासमोर उभी असायची.

तेव्हापासून डोक्यात आहे की हेच काम पूर्णवेळ करावं. वय सदतीस, राज्यशास्त्रात एमए, दोन पोरं. इंग्रजी वाचता येतं, बोलताना त-त-प-प होतं. विचारायचं असं: एलएलबी नसेल तर कुणी उभं करतं का? आयुष्यभर एका पक्षाच्या माणसाकडे काम केलेल्याला या क्षेत्रातले लोक जवळ करतात का? आणि पैशाचं काय? साहेबांना अजून काही बोललेलो नाही, म्हणून नाव-गाव टाकत नाही.

पारावरचा

भाऊ, तालुक्यात आमदाराचा पीए म्हणजे निम्मा आमदार. तहसीलदार उठून उभा राहतो. तो रुबाब सोडून झोळीवाल्यांच्यात जाणार? तिथे प्रकल्प संपला की नोकरी संपली. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांची तर २०२० नंतर पार कोंडी झालीय. एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला पैसे द्यायची सोयच बंद झाली. मोठ्या संस्थेकडून गावातल्या लहान संस्थेला जे यायचं ते गेलं. माझा मेहुणा अशाच एका लहान संस्थेत होता. आता त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, बरं चाललंय. समाजसेवा पीए राहूनही करता येते. शिव्या घाला, पण घर बघून निर्णय घ्या.

माजी तारांकित

बालाघाटी दादा, मी गेले. विधान परिषदेच्या एका सदस्यांकडे होते, आता नागपुरात कच्च्या कैद्यांची (ज्यांचा खटला अजून संपलेला नाही) कामं करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे. पारावरच्या भाऊंचं पैशाचं म्हणणं खरं आहे, ते आधी सांगून टाकते. माझा पगार कमी झाला. वर तो वेळेवर येईलच याची खात्री नसते, आणि करार वर्षाचा. घरात दुसरं कमावतं माणूस नसेल तर सहा महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका. रुबाबाचंही खरं आहे. ‘साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय’ हे वाक्य गेलं की फोन उचलला जात नाही. पहिले काही महिने ते फार लागतं. मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले आहे आणि जो हवालदार पूर्वी चहा मागवायचा तो आता नाव विचारतोय, असं झालंय. मग कळतं की तो चहा लेटरहेडला होता.

आता कामाचं. तुम्ही इतकी वर्षं जे लिहिताय त्याची किंमत तुम्हाला आत बसून कळणार नाही. तारांकित प्रश्नाचा साचा आठवा. ‘हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरं: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘अंशतः खरे’ असं आलं की कुठला अंश खरा ते खोदायचं, आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ आलं की आपण पहिल्या भागात काहीतरी ढोबळ विचारलंय, तिथून निसटायला वाट दिलीय, हे तुम्हाला झोपेतही कळतं. संस्थांमधल्या भल्याभल्या लोकांना कळत नाही. ते तळमळीने तीन पानी निवेदन देतात, त्यात अन्याय, शोषण, संवेदनशीलता सगळं असतं. तारीख, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कुणी काय करायला हवं होतं, एवढंच नेमकं नसतं.

पण हा साचा जसाच्या तसा घेऊन येऊ नका. माहिती अधिकारात ‘हे खरे आहे काय’ चालत नाही. मंत्र्याला खरं-खोटं विचारता येतं, जनमाहिती अधिकाऱ्याकडे फक्त असलेला कागद मागता येतो. त्यात आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांचा आणि विषय एकच. म्हणून मी असं लिहिते: अमुक कारागृहाच्या अधीक्षकांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९ (३) खाली अमुक ते अमुक या काळात न्यायालयाला केलेल्या अर्जांच्या प्रती आणि आवक-जावक नोंदवहीचा संबंधित उतारा. बस. हे कलम माहीत नसेल तर सांगते. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर, जामीनदाराविना, सोडायचं. इतरांना निम्म्या काळानंतर जामिनावर. जन्मठेपेचे किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. महत्त्वाचं म्हणजे अर्ज करायची जबाबदारी अधीक्षकांवर आहे, कैद्यावर नाही. संहिता जुलै २०२४ मध्ये लागू झाली, पण त्याआधीच्या प्रकरणांनाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये सांगितलं. आता अधीक्षकांनी अर्ज केला की नाही हे कळणार कुठून? जावक नोंदवहीतून. आणि जावक नोंदवही काय चीज आहे हे पीएइतकं कुणाला माहीत असतं?

देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. चारातली तीन. लोकांना वाटतं यांना वकील मिळत नाही म्हणून आत आहेत. वकील मिळतो हो, बरा-वाईट पण मिळतो. आमच्याकडे येणाऱ्यांत जामीन होऊनही बाहेर न पडलेले पुष्कळ असतात. एक आई आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत पोराचे सगळे कागद घडी करून, वर रबर. मोबाइलचोरीचा गुन्हा, जामिनाचा आदेश होऊन चार महिने झालेले. पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. जामीनदार कोण होणार, तर पोराचा मामा, त्याच्या वाट्याला कोरडवाहू दीड एकर. मामा तयार होता, पण ऐपतीचा दाखला हवा. तलाठ्याने सांगितलं सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, आधी वारसनोंद करा. तहसीलवाले म्हणाले तलाठ्याचा अहवाल आणा. आमच्या वकीलताई कायद्यात पक्क्या, पण इथे त्यांचं डोकं चालेना. मी त्या तालुक्याला गेले, फेरफाराचा अर्ज कुठे अडकलाय ते मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसून शोधलं, नोंद करून घेतली, दाखला काढला. शिवाय गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, जामिनासाठीची रक्कम जिल्हा समिती मंजूर करते. तिचाही अर्ज मी हातासरशी ठेवला होता, लागला नाही. मुलगा सुटला. वकिलाला कलम ठाऊक असतं, तलाठी मंगळवारी कुठल्या सजावर बसतो हे आपल्याला ठाऊक असतं.

तर एलएलबी हवीच असं नाही. मी केलेली नाही. कोर्टात उभं राहायचं असेल तर अर्थात हवी. तोवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा, हे पीए असतानाही सुरू करता येईल का ते तेवढं विचारून घ्या. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच क्षेत्रात आहे. त्यांचं काम बघितलंत तर कळेल की न्यायालय, तुरुंग आणि घर यांच्यामध्ये किती न-वकिली काम पडलेलं असतं.

पक्षाचा शिक्का. मुलाखतीत मला सरळ विचारलं होतं, ‘तुम्ही त्यांच्या ना?’ मी म्हटलं, त्यांच्याकडे पगारावर होते. पुढे सहा महिने तरी माझ्याकडे संशयाने बघितलं गेलं, आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. ज्यांच्यावर पाळत राहिली आहे त्यांनी नव्या माणसावर पटकन भरवसा का टाकावा? तुमच्या वागण्यातून तो शिक्का पुसट होतो. मात्र जुन्या ऑफिसातली एकही फाइल, एकही यादी बरोबर नेऊ नका. फोनमधले लाभार्थ्यांचे नंबरसुद्धा. लोकांनी ते साहेबांना दिले होते.

आणखी एक गोष्ट, जिची सवय मला सगळ्यात उशिरा लागली. आपल्याकडे माणूस तक्रार घेऊन आला की आपण त्याचं नाव, गाव, फोटो घालून प्रश्न लिहितो, वर पेपरला बातमी देतो. त्यालाही बरं वाटतं. इथे आधी विचारायचं, नाव उघड केलं तर चालेल का. उद्या मुकादम दारात आला तर काय करणार? त्याच फडावर पुन्हा जायचंय का? ती बाई ‘नको’ म्हणाली तर कितीही जबरदस्त प्रकरण असलं तरी थांबायचं. लक्षवेधीची मुदत टळतेय म्हणून घाई करायची सवय हाडात मुरलेली असते, तिला आवर घालावा लागतो.

आणि घरचे विचारतील, ‘चोरांची बाजू का घेतेस?’ माझी सासू अजून विचारते.

संसद मार्ग

वरची पोस्ट जपून ठेवण्यासारखी आहे. मी दुसऱ्या वाटेने आलो म्हणून थोडी भर. पीआरएस या दिल्लीतल्या संसदीय संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप करून एका खासदारांकडे पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत संशोधन केलं. ती पंचविशीच्या आतल्यांसाठी असते, बालाघाटींच्या कामाची नाही, पण तिथे दिसलेली एक गोष्ट सांगतो.

हाताने मैला साफ करण्यामुळे किती मृत्यू झाले, असा प्रश्न संसदेत पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि मंत्रालय सांगतं की अशा मृत्यूची नोंद नाही. वर्तमानपत्रं मथळा करतात, लोक चिडतात. पण २०१३ च्या कायद्यात मैला वाहणारा कामगार ही एक व्याख्या आहे आणि गटार किंवा सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई ही वेगळी. गटारात गुदमरून मेलेला माणूस दुसऱ्या खात्यात मोजला जातो. प्रश्न दुसऱ्या व्याख्येनुसार विचारला की तेच मंत्रालय राज्यवार तक्ता देतं. पुढचा उपप्रश्न भरपाईचा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने ठरलेले १० लाख किती कुटुंबांना मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरच्या मृत्यूंसाठी ३० लाखांप्रमाणे किती जणांना? हे विचारायला आंदोलनातला माणूस आणि प्रश्न लिहिणारा माणूस एका टेबलावर बसावे लागतात. बहुतेक वेळा ते एकमेकांना ओळखतही नाहीत. तुम्ही दोन्ही असाल.

दिल्लीत हक्कांचं काम म्हटलं की जिनिव्हा, अहवाल आणि इंग्रजी असं चित्र असतं. ते आहेही. संयुक्त राष्ट्रांच्या सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यात (प्रत्येक देशातल्या मानवी हक्कांची पाळीपाळीने तपासणी) भारताची पाळी नोव्हेंबर २०२२ मध्ये येऊन गेली. तिथे एकट्या संस्थेला २,८१५ शब्दांत निवेदन बसवावं लागतं. कपात सूचना लिहिलेल्याला शब्दमर्यादेचं भय नको. पण खरं सांगू? मी तीन वर्षं हे केलं आणि कंटाळलो. छळाविरुद्धच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यासाठीचं विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने प्रवर समितीकडे धाडलं, समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं विधेयकही गेलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली. करार अजून अनुसमर्थित नाही, म्हणजे सही आहे पण तो भारतावर बंधनकारक झालेला नाही. प्रत्येक आढाव्यात इतर देश तेच विचारतात, आपण तेच उत्तर देतो. आता मी पुण्यात आहे, एका वकिलांबरोबर कोठडीतल्या मारहाणीची प्रकरणं बघतो. इथे निदान वैद्यकीय तपासणीचा कागद हातात येतो की नाही हे संध्याकाळपर्यंत कळतं.

काळा कोट

मी तालुका कोर्टात वकिली करतो. बालाघाटी, तुम्ही उचलीपोटी अडकवून ठेवलेल्या माणसाचे फोन येतात असं सहज लिहून गेलात. पीए म्हणून तुम्ही काय करता? तिकडच्या ठाणेदाराला साहेबांचा फोन लावता, माणूस सुटतो, गावी येतो. बरोबर? आणि उचल अंगावर तशीच राहते. पुढच्या हंगामात तो त्याच मुकादमाकडे जातो.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ चा. त्यात जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या आहेत. वेठबिगारी सिद्ध झाली की ते कर्जच संपतं, फेडायचं राहत नाही. जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याने मुक्तता प्रमाणपत्र दिलं की पुनर्वसनाची रक्कम मागता येते. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, बायका आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख. पण सगळं त्या प्रमाणपत्रावर अडतं, आणि प्रमाणपत्र द्यायला अधिकारी राजी नसतात, कारण दिलं की आपल्या हद्दीत वेठबिगारी आहे असं मान्य केल्यासारखं होतं. ‘हा मजुरीचा वाद आहे’ म्हणून फाइल कामगार खात्याकडे ढकलतात. माणूस सोडवून आणला त्याच दिवशी तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यासमोर जबाब व्हायला हवा, गावी आल्यावर तीनशे किलोमीटरवर बसून नाही.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर फी नाही, वकील लागत नाही, मराठीत चालतं. फक्त घटनेपासून एका वर्षाच्या आत. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही, तेव्हा फार आशेवर राहू नका. तरी एक उपयोग होतो. आयोगाने अहवाल मागवला की पोलिसांना लेखी काहीतरी द्यावं लागतं, आणि ते लेखी पुढे उच्च न्यायालयात कामी येतं.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. काळा कोट साहेब, तुम्ही म्हणता तसंच होतं, फोन लावतो आणि माणूस येतो. दक्षता समितीवर आमचे कुणी आहे का हेही आज दुपारी पाहिलं. उपविभागाची यादी प्रांत कचेरीत कुणाला सापडली नाही, उद्या लेखी मागतोय.

माजी तारांकित ताई, एक शेवटचं. अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर आहे. साहेबांना आत्ता सांगू की नंतर? आत्ता सांगितलं तर म्हणतील ऐन वेळी दगा दिला. नंतर सांगितलं तर म्हणतील मनात होतं तर लपवलंस का.

माजी तारांकित

आत्ता सांगा, पण जा अधिवेशन संपल्यावर. समोर बसून सांगा, फोनवर किंवा गाडीत ड्रायव्हरसमोर नको. बदली माणूस शोधून द्या आणि त्याला प्रश्न लिहायला शिकवून जा. विधानभवनातला कुठला कक्ष अधिकारी कशाने बिथरतो हेही सांगा त्याला. शक्य असेल तर याच अधिवेशनात एक अर्ज विनंती अर्ज समितीकडे आणि एक जुनं आश्वासन आश्वासन समितीकडे साहेबांच्या सहीने मार्गी लावा. गर्भपिशव्यांच्या विषयात सरकारने सभागृहात काय काय कबूल केलं होतं ते कार्यवृत्तातून काढा. कार्यवृत्त सार्वजनिक असतं, ते नेलंत तर कुणाचं काही जात नाही.

आणि भांडून निघू नका, अगदी तुमचं खरं असलं तरी. मी बाहेर पडल्यावर दुसऱ्याच वर्षी कारागृहातल्या मृत्यूंवर लक्षवेधी हवी होती. संस्थेतल्या सगळ्यांनी मिळून मजकूर तयार केला, उत्तम झाला, आणि मग प्रश्न आला की सही कोण करणार. सूचना सदस्यालाच देता येते. मी जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘अजून लांबलचक लिहितेस,’ दोन ओळी कापल्या आणि सही केली. पक्षाच्या बैठकीत त्यांना त्यावरून ऐकून घ्यावं लागलं, हे मला मागाहून त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं. तुमचे साहेब तसे आहेत की नाहीत ते तुम्हालाच माहीत. नसतील तर शेजारच्या मतदारसंघातल्या पीएशी बोलणं ठेवा.